आधी पाय, मग मान?

पत्र एका वाचक मैत्रिणीचं आहे. वय ३४, राहणं पुण्यात, पेशा दातांच्या डॉक्टरचा. शाळेत असताना सहा वर्षं कथक केलं, दहावीच्या वर्षी ते सुटलं. आता अडीच वर्षं मोठ्यांच्या बॅचमध्ये बॅले शिकतायत. दवाखाना आटोपून आठवड्यातून दोन संध्याकाळी क्लास असतो. पायांबद्दल फारशी तक्रार नाही: तांद्यू (पाऊल जमिनीवरून सरकवत पाय लांब करणं) नीट सरकतो, पाचवी पोझिशन (एका पावलापुढे दुसरं, उलट दिशांना, चिकटवून) बंद होते. गाडी अडते ती कमरेच्या वर. मॅडम म्हणाल्या, 'आता हात आणि मान घ्या', की पायांचा क्रम विसरतो, तोल जातो, हात मागे राहतो. मान सोडून दिली की पाय सुधारतात, पण मग मॅडम विचारतात, 'वरचा निम्मा भाग घरी ठेवून आलात का?' कुठल्या व्यायामात मान कुठे, याचा एक तक्ता त्यांनी नेटवरचे व्हिडिओ बघून केलाय, पण त्यातल्या दोन व्हिडिओंचंच एकमेकांशी पटत नाही. विचारायचंय ते असं: सहा महिने हात-मान माफ करा, आधी पाय पक्के करते, असं मॅडमना सांगावं का? तक्त्यातलं बरोबर कुठलं? कथकची सवय आड येत असेल तर ती मोडायची कशी? आणि या वयात मान वळायचीच राहिली असेल का?

नमस्कार डॉक्टरीणबाई,

शेवटचा प्रश्न आधी घेते, तो लवकर निकालात निघेल. चौतिसाव्या वर्षी मान वळते. निरोगी मान एका बाजूला साधारण ७० ते ८० अंशांपर्यंत जाते आणि बारवरच्या, म्हणजे हात टेकायच्या दांडीपाशी करायच्या, कामाला एवढं कधीच लागत नाही. नळ स्टॉपच्या चौकात वळताना मागून कोण घुसतंय हे बघायला तुम्ही जेवढी मान वळवता, तेवढीसुद्धा लागत नाही. वयाचा विषय इथेच संपला.

'आधी पाय पक्के करते, मग मान घेते' हे ऐकायला इतकं शहाणपणाचं वाटतं, की त्यावर शंका घ्यायचं सुचत नाही. मोठेपणी नाच शिकणारे बहुतेक जण हाच बेत करतात. भरपूर परीक्षा दिलेली माणसं तर हमखास, कारण अभ्यास असाच करायची आपल्याला सवय: एक धडा संपवायचा, मग पुढचा उघडायचा. पण पाय आणि मान हे दोन वेगळे धडे आहेत, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? नऊवारी नेसून झाल्यावर नथ घालावी तशी मान शेवटी चढवता येईल, असं तुम्ही धरून चालला आहात. तशी ती चढत नाही, आणि का चढत नाही ते स्वतःवरच तपासता येईल.

बारपाशी उभ्या राहा. एक पाय उचलून दुसऱ्याच्या घोट्यापाशी ठेवा, खालच्या पायाची टाच जमिनीवरच असू द्या. बारवरचा हात सोडा. समोर बघत असं उभं राहणं तुम्हाला अडीच वर्षांच्या रियाजानंतर सहज जमेल. आता नजर कुठेही न रोवता मान हळू उजवीकडे न्या आणि परत आणा. खालचा घोटा ताबडतोब कामाला लागलेला जाणवेल, पाऊल आत-बाहेर डुगडुगेल. कारण तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नलिका, डोळे, आणि मानेपासून तळपायापर्यंतचे स्नायू-सांधे, या सगळ्यांच्या निरोपांवर तोल सांभाळला जातो. चार-साडेचार किलोंचं डोकं हललं की हे सगळे निरोप एकदम बदलतात. मान स्थिर ठेवून कमावलेला तोल हा मान स्थिर असतानाचाच तोल असतो.

तेव्हा तुमचे पाय अजून पक्के झालेले नाहीत, असं म्हणणं मला भाग आहे. ते एका अटीवर पक्के झालेत: नजर आरशातल्या स्वतःच्या डोळ्यांना चिकटलेली असली पाहिजे. सहा महिन्यांची माफी घेतलीत तर ती अट आणखी घट्ट होईल. त्यानंतर मान घ्यायला जाल तेव्हा पाय पुन्हा असेच कोसळतील, फक्त त्या वेळी जास्त वाईट वाटेल.

माफी सरसकट चुकीची आहे असंही नाही. नवा क्रम शिकवल्याच्या पहिल्या दिवशी मान समोर ठेवून पाय लक्षात घेतले तर काही बिघडत नाही. घोटा मुरगळला असेल तर आधी तोल परत येऊ द्यावा. फ्रापेसारख्या, पाऊल झटक्यात बाहेर फेकायच्या, चपळ व्यायामात तर मान बरेचदा एका जागी ठरवून दिलेली असते आणि तिथेच राहते, म्हणजे तिथे आयतीच सुट्टी. पण सहा महिने सगळीकडे मान बंद, हे मला पटत नाही.

मी सौदा उलटा करायला सांगेन. गोंधळ झाला की मान टाकायची नाही, पाय लहान करायचे. ग्राँ प्लिए (गुडघे पूर्ण वाकवणं) असेल तर दमी प्लिए (अर्धवट वाकवणं) करा. तांद्यू दोन मात्रांत बाहेर जात असेल तर चार मात्रांत न्या. क्रमात पुढे, बाजूला, मागे, बाजूला असा पूर्ण क्रूस असेल तर फक्त पुढचा भाग घ्या आणि बाकीच्या वेळात नुसत्या उभ्या राहा. लाज वाटेल, कारण शेजारची मुलगी पूर्ण क्रम करत असेल. तिला करू द्या.

सुरुवात मात्र पायांशिवाय करा. प्रत्येक व्यायामाआधी दोन किंवा चार मात्रांची तयारी असते. पियानो सुरू होतो, हात खालून वर येतो, बाजूला उघडतो, मग पाय हलतो. मोठ्यांच्या बॅचमध्ये या चार मात्रा म्हणजे केस मागे सारायचा, टी-शर्ट खाली ओढायचा वेळ. मला विचाराल तर बॅलेचा अख्खा वरचा भाग या चार मात्रांत शिकता येतो. म्हणून जरा जवळून बघू.

डावा हात बारवर, उजवा खाली मांडीच्या किंचित पुढे, गोलसर. पहिल्या मात्रेला श्वास आत जातो आणि त्याबरोबर बोटं किंचित जिवंत होतात, मनगट अगदी थोडं लांबतं. हात अजून कुठेच गेलेला नाही. दुसऱ्या मात्रेत तो शरीराच्या पुढून वर येतो, बेंबी आणि छातीचं हाड यांच्या मधोमध थांबल्यासारखा होतो. या वेळी डोकं बारच्या बाजूच्या खांद्याकडे किंचित कलतं आणि नजर तळहातावर असते. किंचित म्हणजे इतकंच, की समोरून बघणाऱ्याला तुमचा उजवा गाल जरा जास्त दिसावा. तिसऱ्या मात्रेत हात उघडायला लागतो आणि नजर त्याच्याबरोबर निघते. मान नजरेच्या मागोमाग वळते. चौथ्या मात्रेला हात बाजूला पोचतो, कोपर खांद्यापेक्षा थोडं खाली, मनगट कोपरापेक्षा थोडं खाली. नजर बोटांवर न अडकता पलीकडे, खोलीच्या भिंतीपर्यंत जाते.

यात चुका ठरलेल्या असतात. सगळ्यात मोठी म्हणजे मान आधी पोचते. तिसरी मात्रा सुरू होताच हनुवटी झटक्यात बाहेर, आणि हात बिचारा मागून येतोय. हात आणि मान एकाच वेळी निघून एकाच वेळी पोचल्या पाहिजेत. मधला प्रवास कमी-जास्त वेगाचा झाला तरी चालेल. दुसरी चूक, वळताना हनुवटी वर जाते. तिसरी, मान वळायच्या ऐवजी कान खांद्याकडे पडतो. या दोन्ही तपासायला सोपी युक्ती आहे. मोकळ्या हाताची दोन बोटं कवटी जिथे मानेला मिळते त्या खोबणीत ठेवा आणि 'नाही' म्हणावं तशी मान हळू वळवा. मानेच्या सात मणक्यांपैकी वरच्या दोघांमध्येच जवळपास निम्मं वळणं होतं. वळण तिथून, बोटांखालून सुरू झालेलं जाणवलं पाहिजे. खालची मान लांब राहते, गळ्याच्या पुढच्या शिरा ताठ होत नाहीत. आधी वळण, मग त्यावर थोडासा कल. कल आधी घेतलात तर वळणाला जागा उरत नाही.

शेवटही असाच करा. व्यायाम संपला की बाजूचा हात किंचित लांब होतो, तळवा खाली वळतो आणि हात उतरतो. नजर त्याला खालपर्यंत सोडायला जाते, मग मान सावकाश समोर येते. संगीत संपायच्या आत पाण्याच्या बाटलीकडे वळायचं नाही. एवढं जरी दोन आठवडे प्रामाणिकपणे केलंत तरी मॅडमना फरक दिसेल.

मग दमी प्लिए. इथे हात बाजूवरून खाली उतरतो, पुढून वर येतो आणि पुन्हा उघडतो. म्हणजे तुम्ही आत्ता शिकलेली तयारी आणि शेवट, हेच एकमेकांना जोडलेले. नजर त्या वर्तुळाभर हाताबरोबर राहील. प्लिए चाललंय हे विसरलात तरी गुडघे वाकतील, काळजी करू नका. त्यानंतर तांद्यू, पण त्यात एका क्रमाला मानेचा एकच बदल ठेवा. ग्राँ बातमाँ सगळ्यात शेवटी. पाय जोरात वर जाताना मान आणि खांदे शांत ठेवणं हे वेगळंच काम आहे, त्याची घाई नको.

आता बारवरचा हात. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही, आणि मला संशय त्याचाच आहे. लोकलच्या दांडीला धरावं तसा बार धरणारे खूप. हात आवळला की त्या बाजूचा खांदा वर चढतो, खांदा चढला की मानेची ती बाजू आखडते, आणि मग 'मान वळत नाही' ही तक्रार. हात शरीराच्या थोडा पुढे असावा. कोपर सैल, खाली लोंबतं. हात मागे राहिला तर छाती बारकडे पिळते आणि बाहेर बघताना मानेला दुप्पट फिरावं लागतं. तांद्यू चालू असताना करंगळीपासून एकेक बोट उचलून बघा. एकही बोट उचलता आलं नाही, तर पायांचा तोल अजून हातावरच चालला आहे.

याच संदर्भात एपोलमाँ, म्हणजे धड, खांदे आणि मान यांचं वळण. फ्रेंच नावात 'खांदा' आहे, ते ऐकून लोक खांदा पुढे ढकलतात. खरं वळण बरगड्यांच्या पातळीवर सुरू होतं आणि वर जाताना थोडं थोडं वाढतं: बरगड्या थोड्या, खांदे अजून थोडे, मान सगळ्यात जास्त. कंबरेची दोन हाडं मात्र समोरच. बारवर धड बहुतांशी सरळच ठेवायचं असतं, त्यामुळे हे पूर्ण रूप सेंटरमध्ये, म्हणजे बार सोडून खोलीच्या मधोमध करायच्या भागातच, भेटेल. पण त्याची चव घेण्यासाठी खुर्चीवर बसून करा, म्हणजे कंबर आपोआप बांधली जाते. पाय जमिनीवर सपाट, हात मांडीवर, एक बरगडी पुढे, त्याच बाजूला मान. मग उलट. टीव्ही बघताना करता येईल इतकं सोपं आहे, फक्त तेव्हा टीव्ही बघता येणार नाही.

आरशाबद्दल माझं मत कडक आहे. डोळे आरशात अडकले की मान वळूच शकत नाही. वळलीच तर डोळे मागे राहतात आणि चेहऱ्यावर एक संशयी भाव येतो. बारवर अशी जागा निवडा, की डावा हात धरल्यावर आरसा पाठीमागे येईल. सगळ्या जागा आरशासमोरच असतील, तर आरशाच्या वरच्या कडेच्याही वर, भिंतीवर एखादी खूण पकडा. बघायचंच असेल तर मोबाइल बाजूला उभा करून तयारीच्या चार मात्रा रेकॉर्ड करा आणि नंतर बघा. करताना बघायचं नाही.

तक्त्याकडे येऊ. त्यातले व्हिडिओ भांडतायत कारण ते वेगवेगळ्या घराण्यांचे आहेत. अग्रिपिना वागानोवांनी आपली रशियन पद्धत १९३४ साली पुस्तकरूपात मांडली. एन्रिको चेकेत्ती हे इटालियन गुरू १९२८ मध्ये गेले, त्यांची पद्धत त्यांच्या शिष्यांनी जपली. लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ डान्स १९२० ची, तिच्या परीक्षा आपल्याकडेही देतात. या प्रत्येकाची हातांची मोजणीसुद्धा वेगळी. दोन्ही हात डोक्यावर गोलाकार, याला वागानोवा पद्धतीत तिसरी पोझिशन म्हणतात आणि रॉयल अकॅडमीत पाचवी. चेकेत्ती पद्धतीत डोक्याच्या पाच स्थिती शिकवतात: सरळ, कललेलं, वळलेलं, उचललेलं, झुकलेलं. त्या पाच नावांनिशी पाठ असणं उपयोगाचं आहे, कारण मॅडम 'मान!' असं ओरडल्या तर पाचांपैकी कुठली, हे विचारता येतं. पाय पुढे असताना मान बाहेरच्या बाजूला, हे बऱ्याच ठिकाणी सारखं सापडेल. पाय मागे गेल्यावर मात्र घराण्याघराण्यांत, अगदी शिक्षकाशिक्षकांत फरक पडतो.

त्यामुळे 'बरोबर कुठलं' या प्रश्नाचं उत्तर: तुमच्या मॅडम शिकवतात ते. त्या कुठल्या पद्धतीच्या आहेत ते विचारा, आणि तक्ता फाडून टाका. फाडवत नसेल तर निदान क्लासच्या दिवशी बघू नका. तक्त्यात मानेच्या मुक्कामाची ठिकाणं लिहिलेली असतात आणि तुमचा गोंधळ सगळा दोन मुक्कामांच्या मधला आहे. तक्ता बघण्यात जातो तेवढ्याच वेळात एक पोर द ब्रा (हातांचा पूर्ण प्रवास) श्वासासकट करून झालेला असेल.

कथकबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते वाचून मला थोडा रागच आला. मोडायचं काय त्यात? ज्या शहरात रोहिणी भाटेंनी १९४७ मध्ये नृत्यभारती सुरू केली आणि कथकला घराघरांत नेलं, तिथे सहा वर्षं घासलेली मान ही तुमची कमाई आहे. बॅचमधल्या इतरांना नजर आणि मान यांचा संबंध मुळातून शिकावा लागतो. तुम्ही 'जिथे हात तिथे दृष्टी' हे फ्रॉकमध्ये असताना पाठ केलंय. चक्कर घेताना नजर एका जागी ठेवून डोकं शेवटी फिरवायचं, हेही तुमच्या अंगात आहे. पिरुएटला (एका पायावरच्या गिरकीला) बॅलेवाले तेच करतात.

फरक दोन ठिकाणी आहे, तेवढाच सांभाळा. पहिला, कथकमध्ये हात छातीसमोर येतात तेव्हा कोपरं उचललेली असतात, जवळपास खांद्याच्या रेषेत. ती सवय राहिली असेल तर बॅलेच्या बाजूच्या पोझिशनमध्ये तुमचं कोपर वर राहील आणि त्याच्यामागे खांदा. हात खांद्यापासून बोटांपर्यंत उतरता असायला हवा. दुसरा फरक लयीचा. तुमची मान समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येऊन थांबायला शिकली आहे, तिहाईचा (तीनदा घेतलेल्या बोलाचा) शेवट झाला की ठाम, स्पष्ट. बॅलेत आठ मात्रा मोजल्या जातात तेव्हा तुमची मान बहुधा पहिल्याच मात्रेला मुक्कामी पोचून बाकीचा वेळ वाट बघत बसते. इथे तिला मात्रांच्या मधून चालत जायचंय.

यावर उपाय तुमच्याच घरातला. मोबाइलवर लेहऱ्याचं (तालाच्या आवर्तनाची धून वाजवणारं) ॲप असेलच. विलंबित तीनताल लावा. सोळा मात्रा म्हणजे बॅलेचे दोन आठ. तयारीचा हात पहिल्या चार मात्रांत उघडा, चार थांबा, चार मात्रांत उतरवा, चार थांबा. सम कुठे आहे हे तुम्हाला न मोजता कळतं, त्यामुळे मोजण्यात डोकं जाणार नाही. राँ द जाँब (पायाने अर्धवर्तुळ काढणं) बरेचदा तीनच्या चालीवर असतं, त्याला दादरा लावा; सहा मात्रांत दोन माप बसतात. मॅडमना सांगायची गरज नाही, आणि सांगितलंत तर त्यांना गंमतच वाटेल.

आता दवाखाना. दिवसभर मान पुढे आणि एका बाजूला झुकवून, हात वर धरून काम, आणि मग तीच मान घेऊन क्लास. त्यात दुचाकी आणि हेल्मेट. (पुण्यात हेल्मेटचा विषय काढू नये म्हणतात, पण घालत राहा.) क्लासला पोचल्यावर हेल्मेट काढून लगेच बारला जाऊ नका. भिंतीला पाठ टेकवा, डोक्याचा मागचा भाग भिंतीला हलका लावा, हनुवटी थोडी आत घ्या. मग भिंतीला डोकं न सोडता मान दोन्ही बाजूंना वळवा. तुमच्या बाबतीत एक बाजू बहुधा कमी वळेल. कुठली ते लक्षात ठेवा, कारण बार दोन्ही बाजूंनी होतो, आणि 'उजवीकडे जमतं, डावीकडे नाही' यात कधी कधी नाचाचा काही दोष नसतो. डोकं गोल गोल फिरवायचा वॉर्मअप करू नका. मागे वाकताना, काँब्रेमध्ये, डोकं लटकू देऊ नका. नजर हाताकडे ठेवून वरच्या पाठीतून जा. मान वळवल्यावर चक्कर येत असेल, किंवा हाताला मुंग्या येत असतील, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट. डॉक्टर मंडळी स्वतःच्या बाबतीत हे टाळतात म्हणून मुद्दाम लिहिते.

घरी करताना स्वयंपाकाचा ओटा धरू नका. तो साधारण ३२ ते ३४ इंच असतो, बारपेक्षा बराच खाली, आणि त्याच्यावर झुकलं की खांदा गेला. गॅलरीचं रेलिंग किंवा उंच कपाटाची कड बरी. तेही नसेल तर भिंतीवर नुसता तळवा टेकवा. रोज दहा मिनिटं पुरेत, पण त्यात पायांचा रियाज घुसवू नका. तो क्लासमध्ये होतोच आहे.

मॅडमशी बोलण्याबद्दल. 'वरचा भाग घरी ठेवून आलात का' हे बोलणं जिव्हारी लागलेलं दिसतं. पुणेरी शिक्षिकेच्या तोंडून हे तसं मवाळच म्हणायचं. पण वर्गात सगळ्यांसमोर ऐकायला कोणालाच आवडत नाही, आणि ते तुम्ही त्यांना सांगू शकता. क्लास संपल्यावर, त्या बूट बदलत असताना, थोडक्यात: 'मॅडम, मी सध्या प्लिए आणि तांद्यूमध्ये मान पूर्ण घेते, बाकीच्यात समोर ठेवते. पुढच्या महिन्यात आणखी एक व्यायाम वाढवीन. चालेल ना?' कामाची यादी बघून चांगला शिक्षक खूश होतो. एकदा तयारीच्या चार मात्रा त्यांना तुमच्याबरोबर, शेजारी उभं राहून करायला सांगा. समोर उभं राहून दाखवलं की डाव्या-उजव्याचा घोळ होतो.

हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. भरतनाट्यमवरून बॅलेकडे आलेल्यांना मान आणि नजर वेगळी करायची सवय असते, त्यांची अडचण बहुधा धडाची असते. ते इतकं ठाम धरलेलं असतं की बरगड्या वळतच नाहीत. त्यांनी खुर्चीवरचा व्यायाम आधी करावा. व्यायाम म्हणून बारच्या क्लासला जाणाऱ्यांना मान कोणी शिकवतच नाही. त्यांनी निदान हात आवळणं सोडावं. आणि ज्यांची मुलं नऊ-दहा वर्षांची आहेत आणि बॅले शिकतायत, त्या आयांनी मुलांना 'मान सरळ ठेव' असं सारखं ओरडू नये. शिक्षक वळवायला शिकवतायत आणि आई सरळ करतेय, असं होतं.

सेंटरला आलात की बार नसेल, आणि क्रुआझे, एफासे, एकार्ते या अंग कोपऱ्याकडे वळवायच्या दिशा सुरू होतील. तिथे पहिले काही आठवडे पायांचा क्रम चुकला तरी चालेल, पण कुठल्या कोपऱ्याकडे बघायचंय हे आधी ठरवून मगच तयारीचा श्वास घ्या. मॅडम बहुतेक खोलीच्या कोपऱ्यांना आकडे देत असतील. ते कुठून मोजतात हे विचारून घ्या, कारण याही बाबतीत वागानोवा आणि चेकेत्तींचं एकमत नाही.